‘त्या मुलांची वेगळी तुकडी करा’ या निवेदनावर सही न करणाऱ्या पालकाचं खुलं पत्र

प्रति,
आपल्या शाळेतले शुल्क भरणारे सर्व सहपालक,
पिंपरी-चिंचवड

सप्रेम नमस्कार.

आठवडाभर आपल्या ग्रुपवर एक निवेदन फिरतंय. संस्थेच्या अध्यक्षांना द्यायचं आहे. त्यात दोन मागण्या आहेत. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांवर, आलेल्या मुलांची शक्यतो स्वतंत्र तुकडी करावी, म्हणजे ‘दोन्हीकडच्या मुलांना आपापल्या गतीने शिकता येईल’, ही पहिली. या मुलांचा खर्च आमच्या फीमधून वसूल करू नये, ही दुसरी. भाषा सभ्य आहे, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय. सह्या रोज वाढताहेत आणि काही जणींनी मला खासगीत विचारलंही, ‘तुझी सही दिसली नाही?’ दिसणारही नाही. का, ते ग्रुपवर चार ओळींत मावेना. आणि तिथे काही लिहिलं की खाली अंगठे आणि जोडलेले हात येतात, मग कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय संपतो. म्हणून हे उघड पत्र. शाळेचं नाव घालत नाही. शहरातल्या आणखी पन्नास शाळांचं नाव घातलं तरी मजकूर बदलावा लागणार नाही.

पहिल्या मागणीचं आधी उरकते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या केंद्रीय नियमांतच लिहून ठेवलंय की या मुलांना वर्गात इतरांपासून वेगळं काढायचं नाही, आणि त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळेला भरवायचे नाहीत. म्हणजे असं निवेदन कधीतरी येणार, हे नियम करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. उद्या अध्यक्षांनी तुमचं ऐकून ‘ई’ तुकडी काढलीच, तर चौकशीला तोंड द्यावं लागेल मुख्याध्यापिकांना. सह्या करणाऱ्यांना कोणी बोलावणार नाही.

आणि तुकडी कागदावर वेगळी करायची गरज तरी कुठे राहिलीय? जूनमध्ये पुस्तकांचे संच घ्यायला आपण रांगेत उभे होतो. खिडकीतल्या ताईंनी मान वर न करता विचारलं, ‘फी की आरटीई?’ माझ्या पुढच्या बाईंनी उत्तर इतकं हळू दिलं की ताईंनी परत विचारलं. मग त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्यांचा संच ‘यादी आल्यावर’ मिळणार होता. यादी ऑगस्टमध्ये आली. तोवर त्यांचा मुलगा शेजारणीच्या पुस्तकात डोकावून वाचत होता, आणि शेजारणीच्या आईने, म्हणजे आपल्यातल्याच एकीने, ‘माझ्या मुलीचं पुस्तक खराब होतंय, जागा बदला’ असा मेसेज वर्गशिक्षिकेला केला. जागा बदलली.

गेल्या वर्षी गॅदरिंगला चौथीचं कोळीगीत होतं. पोशाख भाड्याने, नऊशे रुपये, मेकअपचे वेगळे. नियमांत या मुलांना पुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत म्हटलंय, पण कोळीगीताचं लुगडं त्यात येत नाही. महिनाभर सराव सगळ्यांनी केला. रंगीत तालमीच्या दिवशी मात्र काही मुलं कमी झाली. त्यांना पडदा ओढायला आणि विंगेत टोपल्या धरायला ठेवलं. त्यातल्या एकाला सगळ्या स्टेप पाठ होत्या, तो विंगेत उभा राहून पूर्ण नाच करत होता. टोपली हातातच होती. कार्यक्रम संपल्यावर ग्रुपवर एका बाबांनी मनापासून लिहिलं, ‘बॅकस्टेजच्या मुलांचं विशेष कौतुक!’ त्याला बेचाळीस अंगठे मिळाले.

आता पैशांचं. इथे तुमची तक्रार खोटी नाही, चुकीच्या दारात नेलीय एवढंच.

या प्रत्येक मुलामागे सरकार शाळेला प्रतिपूर्ती देतं. महाराष्ट्रात ती वर्षाला १७,६७० रुपये आहे, आणि शाळेची फी त्याहून कमी असेल तर जेवढी फी तेवढीच. आपली फी बस आणि ‘ॲक्टिव्हिटी’ सोडूनच या रकमेच्या पाचपट जाते. वर ही रक्कमसुद्धा वेळेवर येत नाही, वर्षानुवर्षं थकते. संस्थाचालकांच्या संघटना राज्यभरातली थकबाकी दोन हजार कोटींच्या वर सांगतात. आकड्यावर वाद घाला हवं तर, पण सरकार पैसे थकवतं याबद्दल कोणाचंच दुमत नाही. मग तुमची पहिली सही मुंबईला मंत्रालयात जाणाऱ्या पत्रावर हवी होती. लांब वाटत असेल तर शिक्षण आयुक्तालय पुण्यातच आहे, सेंट्रल बिल्डिंगमध्ये.

दुसरं दार आपल्या संस्थेचं. ‘आरटीईमुळे फी वाढवावी लागते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. काउंटरवर ऐकलंय, बसच्या रांगेत ऐकलंय. कागदावर कोणी पाहिलंय? शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, फीवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढे यावा लागतो, हिशेबासह. आपल्या समितीत कोण कोण आहे हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मी सात-आठ जणींना विचारून पाहिलं, एकीलाही आलं नाही. चाळीस मुलांच्या वर्गात दहा मुलं आरटीईची असली तरी वर्ग तोच, बाई त्याच, भिंतीवरचा स्मार्टबोर्ड तोच. तोटा होत नाही असं मी म्हणत नाही, होतो. पण नव्या इमारतीचा टर्फ, वातानुकूलित सभागृह आणि आंतरराष्ट्रीय शाखेची जाहिरात यांचा वाटा किती आणि या दहा मुलांचा किती, हे हिशेब समोर आल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही. तो मागायची हिंमत होत नाही म्हणून मुलांवर घसरायचं, हे मला पटत नाही.

फी आपल्याला सोपी जाते असं मी म्हणणार नाही. आपल्यातले निम्मे जण घराचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि शाळेचे तीन हप्ते यांत पिळून निघतात. कंपनीत कपात झाली की पहिला मेसेज ‘फीचे तुकडे पाडून मिळतील का’ असा येतो, तोही मी वाचलाय. चीड साहजिक आहे. फक्त ती निघते कुणावर ते बघा. प्रतिपूर्ती थकवणाऱ्यावर निघत नाही, हिशेब न दाखवणाऱ्यावर निघत नाही. नऊशे रुपयांचं लुगडं न परवडणाऱ्यावर निघते.

‘पण खरे गरीब येतात कुठे? सगळे खोटे दाखलेवाले.’ हे वाक्य निवेदनात नाही, निवेदनाखालच्या चर्चेत आहे. त्यात तथ्य आहे. २०२४ मध्ये नागपुरात बनावट कागदपत्रं देऊन प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झाले. गाडी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या पोराची जागा खाल्ली तर त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी, कितीही ओळखीचा असला तरी. (आपल्या ओळखीचा एक आहे. तुम्हालाही माहीत आहे.)

पण दाखल्यांची दुसरी बाजूही बघा. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं. महिन्याला ८,३३३ रुपये. आपल्या सोसायटीच्या गेटवर बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला किमान वेतनाच्या कायद्याप्रमाणे पगार मिळाला, तर तो या मर्यादेच्या बाहेर जातो. म्हणजे त्याच्या पोराने या दारातून यायचं तर बापाला कायद्याने ठरलेल्यापेक्षा कमी पगार तरी हवा, नाहीतर तहसीलमधून मिळणाऱ्या दाखल्यावर कमी आकडा तरी हवा. दोन्ही घडतं. आणि सुरक्षारक्षकांची एजन्सी बदलून महिन्याचे बारा हजार वाचवायचा ठराव सोसायटीच्या सभेत हात वर करून मंजूर कोण करतं, हे मी सांगायला नको. १ लाख म्हणजे आपल्याकडे एका मुलाची वर्षाची फी आणि बस. बसचे थोडे द्यायचे उरतात.

अर्जाची पद्धतही एकदा शांतपणे वाचा, वेबसाइटवर सगळं आहे. ऑनलाइन अर्ज, राहत्या घराचा नकाशावर फुगा लावायचा, त्यावरून शाळेचं अंतर मोजलं जातं. फुगा गल्लीच्या या टोकाला लागला की त्या, यावर घर एका किलोमीटरच्या आत की बाहेर याचा निकाल लागू शकतो. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार हवा. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचा मालक असा करार करून देतो का? तो स्वतःच कुठल्या सातबाऱ्यावर नसतो. मग दाखले, मग सोडत, मग प्रतीक्षा यादी, मग पडताळणी समिती, तिथे एका कागदावर नावात ‘काना’ जास्त निघाला म्हणून परत फेरी. कामावर खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच. एवढं करून जे मूल आपल्या मुलांच्या वर्गात येऊन बसलंय, त्याच्या आईबापाला शिक्षणाची किंमत कळत नाही असं कालच कोणीतरी लिहिलं होतं.

‘जवळ महापालिकेची शाळा आहे की, तिथे घाला.’ हा सल्ला राज्य सरकारने एकदा नियमांत घालून बघितला. ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. कर्नाटकाने आधी असंच केलं होतं. शहरात अशी शाळा एक किलोमीटरच्या आत जवळपास सगळीकडेच असते, म्हणजे आपल्यासारख्या शाळा एका फटक्यात सुटल्या. यादीत सरकारी शाळा आल्या, त्यामुळे राज्यातल्या जागा लाखावरून आठ-नऊ लाखांपर्यंत फुगल्या. आणि अर्ज? एरवी दोन-तीन लाख येतात, ते लाखाच्याही आत राहिले. सरकारी शाळेत मूल घालायला सोडत लागतच नाही, मग अर्ज कशाला भरायचा? पालकांनी पाठ फिरवली. काही पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ ला स्थगिती आली, १९ जुलैला तो बदल न्यायालयाने रद्दच केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. या सगळ्यात त्या वर्षीचे प्रवेश पावसाळ्यापर्यंत लांबले. आपली मुलं तोपर्यंत युनिट टेस्ट देऊन मोकळी झाली होती. वर्गात उशिरा आलेली ती पोरं ‘मागे पडतात’, अशी तक्रार दिवाळीच्या आधीच सुरू झाली.

तरीही सरकारी शाळांचा हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण मला त्यानेच सगळ्यात जास्त विचारात पाडलंय. २५ टक्क्यांना विरोध करणारे सगळे आपल्यासारखे नसतात. आयुष्यभर सरकारी शाळांसाठी झगडलेली माणसंही या तरतुदीवर नाराज आहेत. ती म्हणतात, वस्तीतले सगळ्यात जागरूक पालक, जे महापालिकेच्या शाळेत जाऊन ‘बाई वर्गावर का नाहीत’ असं विचारू शकले असते, त्यांनाच तुम्ही उचलून खासगीत नेता. मागे उरतात त्यांचा आवाज कोणी ऐकत नाही. वर सरकारी तिजोरीतला पैसा खासगी संस्थांकडे जातो. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सुचवलेली समान शाळा, म्हणजे परिसरातली सगळी मुलं एकाच शाळेत, ती तर कधी आलीच नाही; तिच्या जागी ही पंचवीस टक्क्यांची ठिगळं. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

पण तो आक्षेप घ्यायचा अधिकार ज्यांनी आपली मुलं तिथेच ठेवली त्यांचा. आपण कोण? या ग्रुपमधले निम्मे बाबा लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूरकडचे. दर शिक्षक दिनाला ‘मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि आज इथे आहे’ अशी पोस्ट पडते. मीही परभणीकडची, मीही तिथलीच. आमच्या वर्गात तलाठ्याचा मुलगा, किराणा दुकानदाराची मुलगी आणि सालगड्याची दोन पोरं एकाच बस्करपट्टीवर बसायची. त्याचं गोड चित्र रंगवत नाही. पाण्याच्या माठाला कोणी हात लावायचा हे तिथेही ठरलेलं होतं, आणि सालगड्याची मोठी मुलगी पाचवीनंतर दिसली नाही. पण छत गळायला लागलं की ते सरपंचाच्या मुलाच्या वहीवर गळायचं. आठ दिवसांत पत्रा बदलायचा. गुरुजींची स्वतःची मुलगी आमच्या वर्गात होती, त्यामुळे गुरुजींनी वर्ग सोडून जायचा प्रश्नच नव्हता. मग तलाठ्याने, दुकानदाराने, गुरुजींनी आणि शेवटी आपण आपापली मुलं तिथून काढली. आता छत गळलं तर ते कोणाच्या वहीवर गळतं, आणि पत्रा किती वर्षांनी बदलतो? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं यावर सरकार खल करतंय आणि अशा छोट्या शाळा एकत्र करायच्या ‘समूह शाळां’चे कागद हलताहेत. पट कमी कोणामुळे झाला, त्यात आपलंही नाव आहे. आपण निघून यायचं, आणि मग आपल्या मागोमाग निघालेल्याला दारात अडवून ‘सरकारी शाळा सुधारायला हव्यात हो’ म्हणून परत पाठवायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

वेगळी शाळा, वेगळी तुकडी हा वाद आपल्याकडे नवा नाही. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. आपण भाषणात सांगतो ते इथपर्यंत. पुढचं कमी सांगतो: १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्य मुलांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांच्याच शाळांत घ्यायचा हुकूम काढला. सगळ्यांना शिकवा म्हटलं तर लोक ऐकून घेत होते. शेजारी बसवा म्हटलं की कुरकुर. साताऱ्यात कर्मवीरांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची, तेव्हाही ती पंगतच खुपायची. शंभर वर्षांत जेवणाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला म्हणू या. वाढदिवसाच्या याद्या काढा आणि बघा, वर्गातली कोणती मुलं कधीच बोलावली जात नाहीत. त्या यादीत आडनावंही वाचा. सगळं फक्त उत्पन्नाचं आहे असं मग वाटणार नाही.

आता तुमच्या मनातली खरी भीती, जी कोणी लिहिलेली नाही पण पार्किंगमध्ये बोललात: ‘आपली मुलं बिघडतील.’ यावर नुसती माझी श्रद्धा सांगून चालणार नाही. दिल्लीत सरकारी सवलतीत जमीन घेतलेल्या बड्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना जागा द्याव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ती श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, इतरांसाठी स्वतःहून पुढे येणारी निघाली. रावांनी एक रिले शर्यतही ठेवली. जोडीदार निवडायचा: चपळ पण गरीब, की मंद पण आपल्यातला? ज्यांना गरीब वर्गमित्रांची सवय होती, त्यांच्यात पळणारा निवडणारे जास्त निघाले. गणित आणि हिंदीच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीत किंचित घट दिसली आणि वर्गात शिव्या थोड्या वाढल्या. हेही सांगते, नाहीतर तुम्ही शोधून काढाल. शिव्यांचं म्हणाल तर माझी मुलगी सोसायटीच्या क्रिकेटमधून जे शिकून आलीय त्याला बी विंगचं पेंटहाऊस जबाबदार आहे.

माझं मत विचाराल तर मुलं बिघडायची चिंता उलटी करायला हवी. दहा वर्षांचं पोर ‘तो फ्रीवाला आहे’ असं म्हणतं तेव्हा ते कोणाकडून शिकलं? वर्गात कोणी असं शिकवत नाही. आपण पुढच्या सीटवर फोनवर बोलत असतो आणि मागच्या सीटवर मूल बसलेलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले ती. कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा. आठवी संपली की संपला. आपल्या आठवीत एक मुलगी आहे. विज्ञानात पहिल्या तिघांत असते, कबड्डीच्या जिल्हा संघात आहे, शाळेच्या माहितीपत्रकावर ट्रॉफी धरलेला फोटो तिचाच. तिची आई आपल्याच भागातल्या पाच घरी पोळ्या करते. फेब्रुवारीत तिच्या दप्तरातून घरी एक चिठ्ठी गेली: ‘नववीपासून नियमित शुल्क लागू राहील, प्रवेश निश्चितीसाठी पहिला हप्ता ३१ मार्चपूर्वी भरावा.’ आईने ती मला वाचायला दिली, इंग्रजीत होती. पहिला हप्ता म्हणजे त्यांची पाच घरांची तीन महिन्यांची कमाई. मी विचारलं, आता काय करणार? म्हणाल्या, ‘महापालिकेच्या शाळेत घालेन. पण सगळं मराठीतून, ताई. हिला आता रेणू-अणू मराठीतून परत शिकायचे.’ पहिलीपासून आठ वर्षं इंग्रजीतून शिकवायचं, आणि दहावी दोन वर्षांवर आली की माध्यम बदलून सोडून द्यायचं. दुसरा रस्ता, इंग्रजी माध्यमाची जरा स्वस्त शाळा, तीही पन्नास हजारांच्या आत नाही. तिसरा रस्ता त्यांनी बोलून दाखवला नाही. गावाकडून स्थळं विचारायला लागलेत, एवढंच म्हणाल्या.

या मुलीचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, ट्रॉफी आली तेव्हा ग्रुपवर फटाक्यांच्या चित्रांचा पाऊस पडला होता. तुमच्या निवेदनाने तिचं काही बिघडणार नाही. तिचं बिघडायचं ते निवेदनाशिवायच बिघडतंय.

तेव्हा मी दुसरं निवेदन लिहिलंय. त्यात संस्थेकडे मागितलंय की आठवी पूर्ण केलेल्या आरटीईच्या मुलांना दहावीपर्यंत १७,६७० रुपयांइतक्याच शुल्कात शिकू द्यावं, आणि ज्यांना तेही जमणार नाही त्यांचं संस्थेने सोसावं. शाळेची जागा सार्वजनिक सुविधेच्या आरक्षणातली आहे, सवलतीत मिळालेली. तेवढी परतफेड जड नाही. पुस्तकांचे संच सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच खिडकीवर मिळावेत. गॅदरिंगचे पोशाख शाळेने घ्यावेत, भाड्याने नकोत, आणि नाचात कोण ते सरावावरून ठरावं. फीवाढीचा हिशेब कार्यकारी समितीपुढे आणि तिथून सगळ्या पालकांपुढे यावा. निवेदनातली तुमची दुसरी मागणी खरं तर इथे येते आणि इथे मी तुमच्या बरोबर आहे. सोबत एक पत्र शिक्षण आयुक्तांना: थकलेली प्रतिपूर्ती द्या, १ लाखाची मर्यादा किमान वेतनाच्या तरी वर न्या, तरतूद दहावीपर्यंत वाढवा. त्या पत्रावर संस्थेच्या अध्यक्षांनीही सही करावी असं मी त्यांना भेटून सांगितलंय. ते ‘बघू’ म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

पहिल्या निवेदनावर सही केली असेल तरी इथेही करता येईल, मी कोणाला मागचं विचारणार नाही. पालक-शिक्षक संघाची सभा या महिन्याच्या चौथ्या शनिवारी आहे, हे दोन्ही कागद विषयपत्रिकेवर घ्यावेत अशी लेखी विनंती मी दिलीय. एक बदल मात्र आत्ताच हवा. सभा सकाळी अकराला ठेवलीय. त्या वेळी पाच घरच्या पोळ्या चालू असतात आणि गेटवरचा माणूस गेटवर असतो. ती संध्याकाळी सातला घ्या. शिवाय आपल्या ग्रुपवर फक्त शुल्क भरणारे पालक आहेत, त्यामुळे सभेची सूचनाच बाकीच्यांपर्यंत जात नाही. प्रत्येक इयत्तेतल्या एकाने आपल्या वर्गातल्या आरटीईच्या पालकांना फोन करावा. पाचवीचे मी करते. बाकीच्या इयत्तांसाठी कोण करणार ते रविवारपर्यंत कळवा.

आपली,
पाचवीतल्या एका मुलीची आई